भाडे संपूर्ण फेरीचे मोजा



आपले तरुण ड्रायव्हरची नोकरी सोडून स्वतःच्या ट्रकचे मालक होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आम्ही बँकवाले जाणतो, गाडी थांबली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून भाडे संपूर्ण फेरीचे मोजा. समजा, कळंबोलीहून नागपूरचे ४०,००० मिळाले आणि गाडी रिकामी परतली. त्यापेक्षा ३४,००० घेऊन १८,००० चा परतीचा माल आधीच ठरवलेला बरा. दलाली, डिझेल, टोल वजा जाता उरेल तीच कमाई. आगाऊ रक्कम, बाकी आणि हॉल्टिंगचे पैसे लिहून घ्या. जादा वजनाच्या मोठ्या भाड्याला भुलू नका. २०१९ च्या कायदादुरुस्तीने त्यास २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० आहेत. मालक झालात, आता हिशेबही मालकाचा ठेवा.