आधी घरच्या तासांचा हिशोब, मग सरावाचं वेळापत्रक



बचत गटाच्या बैठकीत शेळ्या, पापड, शिवणयंत्र असे विषय निघतात. आमच्या राहुरीतल्या एका गटात या महिन्यात ट्रायथलॉनवर अर्धा तास गेला. गटातल्या एका ताईंची सून शाळेत शिक्षिका आहे. ती गोव्याच्या स्पर्धेत उतरायचं म्हणतेय. धावते चांगली, सायकलही चालवते. सरावाची तीन वेळापत्रकं तिच्यापुढे होती आणि त्यातलं कोणतं धरावं ते ठरत नव्हतं. त्या चर्चेतून जे निघालं ते आज तुम्हाला सांगते.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच धावायचं. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं असतं, तेही १७ तासांच्या आत. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये सुरू झाली ती याच्या निम्मी. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल म्हणजे जवळपास राहुरीहून शिर्डीला जाऊन परत, आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. वेळ साडेआठ तास.

हे बायकांचं काम आहे का, असं बैठकीत एकीनं विचारलंच. हवाईत १९७८ मध्ये पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले, सगळे पुरुष, आणि १२ पोचले. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. त्या प्रश्नावर मी एवढंच सांगितलं.

आता वेळापत्रकांकडे येऊ. एक मोबाईलवर फुकट मिळालेलं, बारा आठवड्यांचं. दुसरं चोवीस आठवड्यांचं. तिसरं प्रशिक्षकाचं, म्हणजे महिन्याला फी द्यायची आणि पुढच्या आठवड्याचा सराव फोनवर येणार.

कोणतंही वेळापत्रक हातात आलं की आधी पहिला आठवडा वाचावा. त्यात लिहिलंय ते आज जमतं का? बारा आठवड्यांचं ते पहिल्याच सोमवारी दीड हजार मीटर पोहायला सांगत होतं. आमची सूनबाई दोनशे मीटरला दमते. म्हणजे ते आधीच तयार असलेल्यांसाठी आहे. ते बाजूला पडलं.

मग सगळ्यात जड आठवडा शोधावा. पहिल्या पानावर 'आठवड्याला सरासरी सात तास' असं लिहिलेलं असतं, पण आत बघितलं तर एखादा आठवडा अकरा तासांचा निघतो. गटाचा कर्जाचा आराखडा करताना आपण बाई सांगते ते उत्पन्न धरतो का? वहीत दिसतं ते धरतो. तसंच दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. सकाळी पाच ते सात काय केलं, शाळेतून आल्यावर काय केलं, रविवारी किती वेळ खरंच आपला होता. तिला वाटत होतं रोज दोन तास मिळतील. वहीत आठवड्याचे साडेसात तास निघाले. पोहायला नगरला जायचं तर जाण्या-येण्याचा वेळही त्यातलाच! तलावात पाऊण तास आणि रस्त्यावर दोन तास, हे कुठल्याच छापील वेळापत्रकात नसतं.

यानंतर भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. गोव्याची २०२४ ची स्पर्धा २७ ऑक्टोबरला होती, तोच हिशोब धरून बघा. चोवीस आठवडे मागे गेलं की १२ मे येतो. म्हणजे सुरुवात आपल्याकडच्या भर उन्हात. मग पावसाळा. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सराव कमी करायचा असतो, म्हणून सगळ्यात जड आठवडे त्याच्या अलीकडे येतात. नेमके तिथे त्या वर्षी ७ सप्टेंबरपासून गणपती, मग गौरी, पितृपक्ष, आणि ३ ऑक्टोबरपासून नवरात्र! विश्रांतीच्या आठवड्यात दिवाळीचा फराळ. ही वेळापत्रकं बनवणाऱ्यांच्या घरी गौरी बसत नसाव्यात.

यावर उपाय आहे. चांगल्या वेळापत्रकात तीन आठवडे वाढ आणि चौथा हलका असतो. तो हलका आठवडा सरकवून गौरी-गणपतीत आणायचा. नवरात्राचे नऊ दिवस उपवास आणि चार तास सायकल हे एकत्र करू नये. त्या वर्षी उठता-बसता उपवास धरायचा असं सासूबाईंनीच सुचवलं. सायकलवर दोन-तीन तासांपुढे दर तासाला काहीतरी खावंच लागतं. केळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, मीठ-साखरेचं पाणी, सगळं चालतं. १९८२ च्या हवाईच्या स्पर्धेत ज्युली मॉस ही कॉलेजातली मुलगी बायकांमध्ये सगळ्यात पुढे होती. शेवटच्या थोड्याशा अंतरात तिचं बळच संपलं, ती रांगत पोचली आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. लोक ते चित्रीकरण बघून भारावतात. मला ते बघून तिच्या पोटात काही होतं का, हाच प्रश्न पडतो.

म्हणूनच सराव सुरू करण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, आठवडे नंतर मोजा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. सराव वाढवल्यावर पाळी थांबली तर बरं झालं कटकट गेली असं म्हणू नका. खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

पाण्याबद्दल एक बजावते. मुळा धरण जवळ आहे, कालव्याला आवर्तन सुटलं की पाणीही भरपूर असतं, पण एकटीनं तिथे सराव करायचा नाही. कालव्याचे काठ गुळगुळीत, ओढ जोराची, धरायला काही नसतं. आधी तलाव, मग जाणत्या प्रशिक्षकासोबत आणि वाचवणारं माणूस असेल तरच मोकळं पाणी. नगर-मनमाड रस्त्यावर अंधारात सायकल नको. आतल्या रस्त्यानं, उजाडल्यावर, मागेपुढे दिवा लावून जा. ते जमत नसेल तर सायकल घरातच स्टँडवर चढवून चालवता येते.

शेवटी चोवीस आठवड्यांचं ठरलं, पण ते तिनं बत्तीस आठवड्यांवर पसरलं आणि पहिले आठ फक्त पोहण्याला दिले. प्रशिक्षक सगळ्या सरावाला न लावता पोहण्यापुरता लावला, कारण पैसे तेवढेच होते आणि गरजही तिथेच होती. नवी सायकल घ्यायला गटातून कर्ज मिळेल का, हे तिनं विचारलं. बैठकीनं नाही म्हटलं नाही. स्पर्धेची फी आणि गोव्याचा प्रवास धरून हप्ता कुठून जाणार ते लिहून आणायला सांगितलंय.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू, विषय परसबागेचा आहे. नमस्कार.