कोसळलेल्या लढाऊ विमानाचा देखावा



शाळेच्या प्रदर्शनात विमानाची प्रतिकृती काही नवी नाही. पुठ्ठ्याच्या विमानाला चकचकीत कागद लावून ते दोऱ्याने टांगले की काम झाले, असा प्रघातच आहे. जमिनीवर कोसळलेल्या विमानाचा देखावा करणे त्याहून अवघड. परंतु शिकविण्याच्या दृष्टीने तो कितीतरी मोलाचा आहे. अखंड विमान चित्र पाहून करता येते. मोडलेले विमान करावयाचे तर ते आतून कसे बांधलेले होते व कशाने मोडले, हे आधी समजून घ्यावे लागते.

खेड्यातील शाळेला सर्वांत सोयीचे विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळवर चाल केली, तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन याच विमानांनिशी तेथून लढत होती. तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते. ते पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले आणि २००२ साली त्यांना मार्शल हा हुद्दा मिळाला. याच मोहिमेत संगशक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियनही झुंजली. मराठी मुलांना हे रणक्षेत्र परके वाटू नये.

हरिकेनच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता. मागील भागात त्यावर लाकडी कडी व पट्ट्या बसवून वरून कापड ताणलेले असे. मग बांबूच्या कामट्यांची प्रतिकृती करण्यास याहून योग्य विमान कोणते? पतंग करणाऱ्या मुलाच्या हाताला हे काम निम्मे येतच असते. सांगाड्यावर जुन्या धोतराचे कापड खळ लावून चढवावे. वाळताना ते आपोआप ताणले जाते. मूळ विमानाचे कापडही लेप देऊन असेच ताणीत. पंखांवर मात्र धातूचा पत्रा असे. त्यासाठी जाड ड्रॉइंगचा कागद घ्यावा. हा भेद मोडतोड करताना कामास येतो. पत्रा दुमडतो, चुरगळतो; कापड फाटते आणि आतल्या फासळ्या उघड्या पडतात. सर्वत्र सारखीच मोडतोड दाखविलेला देखावा पाहताक्षणीच खोटा वाटतो.

प्रमाण १ : २४ धरावे. विमानाचा एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार १२.१९ मीटर, तो सुमारे ५१ सेंटिमीटर होतो. लांबी सुमारे ९.८ मीटर, ती ४१ सेंटिमीटर होते. हे भागाकार मुलांनीच करावेत. गुणोत्तराचा पाठ फळ्यावर रुक्ष वाटतो. येथे चुकलेल्या उत्तराचा पंख धडाला बसतच नाही.

जमीन करताना एक चूक हमखास होते. विद्यार्थी विमानाखाली गोल खड्डा खणतात. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांचे हे चुकणे स्वाभाविक आहे. आकाशातून पडलेल्या वस्तूची त्यांना ठाऊक असलेली खूण म्हणजे लोणारचे सरोवर. परंतु लोणारला आदळलेला अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आला आणि त्या आघाताच्या स्फोटाने बेसाल्ट खडकात सुमारे १८३० मीटर व्यासाचे विवर झाले. (हेच विवर १ : २४ प्रमाणात करू म्हटल्यास त्याला ७६ मीटर रुंद मैदान लागेल!) चाके न उघडता पोटावर उतरविलेले विमान ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकते आणि घसरत जाते. त्याच्यामागे विवर नव्हे, लांबट चर राहतो. तो नांगराच्या तासासारखा असतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगण्याचीही गरज नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती एकटीच वापरू नये. वाळताच ती भेगाळते. तिच्यात भुसा व शेण मिसळून थर द्यावा आणि माती ओली असतानाच चर ओढावा. हरिकेनचा रेडिएटर पोटाखाली असे, तो चेपलेला दाखवावा. पुढच्या पंख्याची पाती धातूची मानल्यास वाकलेली, लाकडी मानल्यास तुटलेली असावीत. इंजिन चालू असताना विमान टेकले असेल तर तिन्ही पाती मोडतात. बंद पडले असेल तर वरचे पाते शाबूत राहू शकते. एका पात्यावरून पाहणाऱ्याला शेवटच्या क्षणाची हकीगत वाचता येते.

देखावा पाहणारे प्रत्येक मूल पहिला प्रश्न विचारील : वैमानिकाचे काय झाले? याचे उत्तर काम सुरू होण्यापूर्वीच वर्गात ठरवावे. लाल रंग ओतून भीती दाखविणे सोपे आहे, आणि मोडक्या विमानाला गंमत समजणे त्याहून सोपे. दोन्ही टाळावे. पोटावर उतरलेल्या विमानातून वैमानिक जिवंत बाहेर पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्याच्या बैठकीवरील काचेचे झाकण मागे सरकलेले दाखवावे, पट्टे सुटलेले असावेत आणि मऊ मातीत दूर जाणारी पावले उमटवावीत. प्रमाणाने बुटाचा ठसा एक सेंटिमीटरहून किंचित मोठा होतो. दोन ठशांतील अंतर सुमारे तीन सेंटिमीटर ठेवावे. वैमानिक जखमी आहे असे ठरल्यास हे अंतर कमी करावे. किती कमी, यावर वर्गात वाद झाला तर होऊ द्यावा.

माहितीच्या फलकावर कोणाही खऱ्या वैमानिकाचे नाव घालू नये. अशा नावामागे कोणाचे तरी घर असते आणि मुलांनी मातीत रचलेला प्रसंग त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. ‘हरिकेन, इंफाळचे खोरे, १९४४, प्रसंग काल्पनिक, प्रमाण १ : २४’ एवढे लिहावे आणि खाली काम करणाऱ्या सर्व मुलांची नावे द्यावीत, माती कालविणाऱ्यांचीसुद्धा.