ॲपवर मराठी आली, मग?



सॉफ्टवेअर कंपनीवर बहिष्कार टाकून काही होतं का, यावर बोल असं मला सांगितलंय. 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळून सायकल फेरी काढणाऱ्या आपल्या सीमाभागाला बहिष्कार नवा नाही. दुकानाचं शटर ओढता येतं. ॲपचं काय करायचं?

एकाच कंपनीवरच्या दोन बहिष्कारांबद्दल सांगते. कंपनी ॲमेझॉन.

पहिला 1999 चा. पत्ता आणि कार्ड एकदा साठवलं की एका क्लिकमध्ये खरेदी, एवढ्याशा गोष्टीचं पेटंट त्यांना अमेरिकेत सप्टेंबरात मिळालं. पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं, का तर त्यांच्या साइटवरही तसलंच बटण होतं. उद्या कुणी शेंगा फोडायच्या पद्धतीवर हक्क सांगेल! रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आवाहन केलं, ॲमेझॉनकडून काही घेऊ नका. 2002 मध्ये खटला तडजोडीने मिटला, बहिष्कारही मागे घेतला. पेटंट मात्र 2017 पर्यंत टिकलं. जिंकले की हरले? माझ्या मते निम्मं-निम्मं. पण पुस्तक दुसरीकडे मिळत होतं, म्हणून साध्या गिऱ्हाइकालाही त्यात उतरता आलं.

दुसरा आपल्या आठवणीतला, 2020 चा. ॲपवर हिंदी होती, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम आल्या, मराठी नाही. कन्नड आली याचा मला राग नाही, त्या गिऱ्हाइकाला त्याची भाषा मिळायलाच हवी. मनसेने 'नो मराठी, नो ॲमेझॉन' मोहीम काढली. डिसेंबरात पुण्या-मुंबईत कार्यालयांची तोडफोड झाली. ते मला पटलं नाही. मग बातमी मराठीची राहत नाही, काचांची होते. सप्टेंबर 2021 मध्ये मराठी आली, बंगालीबरोबर. मोहिमेमुळेच आली असं छातीठोक सांगणार नाही, धंद्याचं गणितही असणारच.

आता हात वर करा. ते ॲप मराठीत कुणी लावलंय?

(चार हात.)

हसू नका, मीपण हे भाषण लिहायला बसले तेव्हाच लावलं. मागताना आपण सगळे, वापरताना चौघं. कंपनीला घोषणा ऐकू येवो न येवो, सेटिंग दिसतं.

आणि खरं कुलूप मला भलतीकडेच सापडलं. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका निपाणीतल्या एका डीटीपीवाल्या काकांकडे आहेत. ज्या सॉफ्टवेअरात त्या केल्या, त्याला कॉम्प्युटरच्या मागे लॉक लावावं लागायचं. लॉक बिघडलं, ती आवृत्ती आता मिळत नाही. मजकूर दुसरीकडे उघडला तर देणगीदारांची, वारलेल्या सभासदांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा! इथं बहिष्कार कसला टाकणार? सोडून जायचं म्हटलं तरी आपलंच सामान आत अडकलंय.

म्हणून नवीन काहीही युनिकोडमध्येच टाइप करायचं, असं मंडळाकडून कबूल करून घेतलंय. लिबरऑफिस फुकट आहे, मराठीतही चालतं. जुन्यापैकी दोन अंक मी कन्व्हर्टरमधून काढले. रफार भलत्याच अक्षरावर बसलेत, जोडाक्षरं तुटलीत. हाताने दुरुस्त करतेय.

रविवारी दहा वाजता काकांच्या दुकानात बसणार आहोत. पेन ड्राइव्ह आणा. आणि जुनी नावं ओळखणारे कुणी आजोबा घरात असतील, तर त्यांनाही घेऊन या. काही नावं मला लागतच नाहीयेत.