पाच वर्षांचं उसनं

निवडणुकीची तारीख जाहीर झाली की माझी आई तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतून एक कापडी पिशवी काढते. पिशवीत मतदार ओळखपत्र असतं, रेशनकार्ड असतं आणि मागच्या निवडणुकांच्या जपून ठेवलेल्या मतदार चिठ्ठ्या असतात. ओळखपत्र पदराला पुसून ती पुन्हा पिशवीत ठेवते आणि विचारते, ‘‘तारीख कवा हाय म्हणालीस?’’ लग्नाची तारीख ठरल्यावर सामानाची जुळवाजुळव सुरू व्हावी, तशी ही तिची तयारी.

आपण निवडणुकीच्या दिवसाला सुट्टी म्हणतो. आईच्या पिढीनं त्याला सुट्टी कधी म्हटलं नाही. त्या पिढीच्या देशभक्तीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण बोलताना डोळ्यांसमोर येतात ते मोर्चे, तुरुंग आणि घोषणा. त्यांचं मोल आहेच. मला मात्र आज तुम्हाला त्या देशभक्तीची एक साधी, घरगुती बाजू सांगायची आहे. ती मी आमच्या घरातच पाहिली.

आमचं गाव कराडजवळ. माझे आजोबा १९४२ साली कराडच्या मामलेदार कचेरीवर गेलेल्या मोर्चात होते. पुढे ते काँग्रेसचे निष्ठावंत झाले. वडील प्राथमिक शिक्षक. १९५५ साली आई लग्न होऊन या घरात आली आणि दोन वर्षांनी, १९५७ साली, तिचं पहिलं मतदान आलं. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. ते १८ वर आलं १९८९ साली.

१९५७ ची ती निवडणूक आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. शंभराहून अधिक माणसं त्यात बळी गेली होती आणि राज्य अजून द्वैभाषिकच होतं. सातारा मतदारसंघातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले, आणि यशवंतराव चव्हाणांसारखा नेता कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आला. गावात एकेका घराचे दोन तट पडले होते. आमचं घरही त्यातलंच. आजोबा बैलजोडीचे आणि वडील समितीचे.

मतदानाच्या आदल्या रात्री वडिलांनी आईला समजावलं, ‘‘समितीच्या पेटीत टाक.’’ सकाळी ओसरीवरून आजोबा म्हणाले, ‘‘सूनबाई, बैलजोडी ध्यानात ठेवा.’’ आईनं रात्री मान हलवली आणि सकाळीही हलवली. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे आणि आडोशाला जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात अठरा माणसं साक्षर होती आणि बायकांत तर जेमतेम नऊ. त्या लोकांना मत देता यावं म्हणून काढलेली ही युक्ती होती.

आई आडोशाला गेली, कागद टाकले आणि बाहेर आली. ते कुणाच्या पेटीत पडले, हे आजोबांना कळलं नाही आणि वडिलांनाही नाही. मतं दोन होती, एक दिल्लीचं आणि एक मुंबईचं. त्यामुळे मला कित्येक वर्षं वाटे, की तिनं एक सासऱ्याला आणि एक नवऱ्याला देऊन दोघांनाही खूश ठेवलं असणार. एकदा तसं विचारलं, तर फणकारली, ‘‘मी काय तागडी हाय व्हय, दोन्हीकडं सारखं घालाया?’’

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट ती रंगवून सांगते. लग्नात तिचं माहेरचं नाव बदललं होतं, आणि सासरचं नवं नावही कुणी उच्चारत नसे. ती ‘सूनबाई’ होती, ‘मास्तरांची मंडळी’ होती, पुढे ‘अमकीची आई’ झाली. मतदान केंद्रावर बायकांची रांग वेगळी होती. आत यादी घेऊन बसलेल्या माणसानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं. आपल्यालाच हाक मारली, हे तिला क्षणभर समजलंच नाही! मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘पर सरकारच्या कागदावर माझं नाव हुतं,’’ ती सांगते, ‘‘कुणाची म्हणून न्हाई, माझं!’’

या नावाचं मोल किती होतं, ते मला पुढे वाचनात आलेल्या एका आकड्यानं कळलं. देशाच्या पहिल्या निवडणुकीची यादी तयार होत होती, तेव्हा लाखो बायकांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं, ही रीत आडवी आली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की अशी नोंद चालणार नाही. मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचं माणूस. परिणामी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्यांतल्या बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगायला शिकल्या. इंग्रजांच्या राजवटीत, १९३७ च्या निवडणुकीत, मताचा हक्क सारा, मालमत्ता आणि शिक्षण बघून मिळत होता. माझ्या पणजीला तो कधी मिळाला नाही. त्याच घरातल्या सुनेला वीस वर्षांनी नावानिशी हाक आली. ते मत वाया घालवायचं तिच्या मनात येणार तरी कसं?

१९६२ पासून एकाच कागदावर शिक्का मारायची पद्धत आली. शिक्क्याची शाई ओली असताना घडी चुकली, की डाग दुसऱ्या चिन्हावर उमटायचा. वडिलांची निवडणुकीची ड्युटी असायची, त्यामुळे घडी कशी घालायची ते घरात ठाऊक होतं. आईनं वर्तमानपत्राचा कागद घेऊन आळीतल्या बायकांना माजघरात बसवून शिकवलं, ‘‘आधी उभी घडी, मग आडवी.’’ कुणाला मत द्या, हे ती सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, ‘‘मी घडी शिकवतीया. आतलं तुझं तू बघ.’’

मग १९७७ साल आलं. आणीबाणी उठायची होती, पण मतदान आलं होतं. मी तेव्हा १९ वर्षांची, म्हणजे मत नव्हतं. डोळे-कान मात्र उघडे होते. आदल्या वर्षी नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचं दडपण शिक्षकांवर होतं आणि वडील त्या काळात अबोल झाले होते. आजोबांचा जन्म काँग्रेसमध्ये गेलेला. एरवी आमच्या घरात निवडणूक म्हणजे जेवताना वाद असे, आजोबांचा आवाज चढे, वडील ताटावरून उठत. त्या वर्षी मात्र कुणी कुणाला काही विचारलं नाही. तिघं एका बैलगाडीतून गेली आणि एका बैलगाडीतून परत आली. संध्याकाळी आजोबा एवढंच म्हणाले, ‘‘४२ साली ज्यासाठी गेलो, ते आज वापरून आलो.’’ त्यांनी मत कुणाला दिलं, ते आम्हाला माहीत नाही. पण पक्षाहून देश निराळा असतो, हे मी त्या संध्याकाळी शिकले.

पुढे मीही शिक्षिका झाले आणि निवडणुकीच्या ड्युट्या माझ्या वाट्याला आल्या. तीसेक वर्षं मी टेबलाच्या पलीकडून मतदार पाहिले. म्हातारी माणसं सकाळी सगळ्यांत आधी हजर. चप्पल दाराबाहेर काढून आत येणारे आजोबा मी किती पाहिले असतील! शाळेचीच खोली ती, पण त्या दिवशी त्यांना ती देवळासारखी. मतदान यंत्रं आल्यावर एक आजी बटण दाबून तिथंच उभ्या राहिल्या. शिट्टीसारखा आवाज झाला तरी हलेनात. ‘‘झालं, आजी,’’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘‘पोचलं न्हवं नीट?’’

ही पिढी देवमाणसांची होती, असं मात्र मी म्हणणार नाही. भावकी बघून मतं पडत होती. ‘आमच्या घरातली नऊ मतं’ असं सांगणारे कर्ते पुरुष होते आणि त्या नऊ जणांना कुणी विचारत नव्हतं. एका गावात एक कार्यकर्ता तीन म्हाताऱ्यांना घेऊन आला. म्हणाला, ‘‘यांना दिसत नाही, मी दाबतो बटण.’’ मी नियम सांगितला, की अंध किंवा अगदी असमर्थ मतदाराला सोबती घेता येतो, पण एका सोबत्याला एकाच मतदाराचं मत देता येतं आणि तसं लिहूनही द्यावं लागतं. तो माणूस तणतणत बाहेर गेला. त्यानंतर तिघींपैकी दोघींना सगळं व्यवस्थित दिसू लागलं!

आता माझी स्वतःची चूक सांगते. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत माझी ड्युटी दुसऱ्या तालुक्यात होती. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला तेव्हा टपालानं मत देता यायचं. त्यासाठी एक अर्ज वेळेत भरून द्यायचा असतो. तो अर्ज माझ्या पर्समध्येच राहिला. शाळा, प्रशिक्षण, मुलांच्या परीक्षा... कारणं पुष्कळ होती. मतदानानंतर आई घरी आली. ‘‘किती लोकांची मतं घेतलीस?’’ मी अभिमानानं आकडा सांगितला, सहाशेच्या वर. ‘‘आणि तुझं?’’

मी कारणं सांगू लागले. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘‘सहाशे जणांना वाढलंस आणि स्वतः उपाशी उठलीस.’’ रागावली नाही, आणि तो विषय पुन्हा कधी काढलाही नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

याच संदर्भात मला हिमाचल प्रदेशातल्या कल्पा गावचे श्याम सरन नेगी आठवतात. हिवाळ्यात बर्फ पडून वाटा बंद होतात, म्हणून त्यांच्या भागात पहिल्या निवडणुकीचं मतदान देशाच्या इतर भागांच्या आधी, ऑक्टोबर १९५१ मध्ये झालं. नेगी शिक्षक होते आणि त्यांचीही त्या दिवशी निवडणुकीची ड्युटी दुसरीकडे होती. तरी त्यांनी सकाळी लवकर आपल्या गावात मत दिलं आणि मग ड्युटी गाठली. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून देश त्यांना ओळखू लागला. शेवटचं मत त्यांनी २ नोव्हेंबर २०२२ रोजी घरून टपाली मतपत्रिकेवर दिलं आणि तीन दिवसांनी, वयाच्या १०५ व्या वर्षी, ते गेले. तोच पेशा, तशीच ड्युटी. पण त्यांना जमलं आणि मला जमलं नाही.

आईला मी एकदा विचारलं होतं, ‘‘इतकी वर्षं मत देतेस. गावचा रस्ता तसाच, पाण्याची बोंब तशीच. काय मिळालं?’’ ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘लोक मत-दान म्हणत्यात. दान दिलं की मागायचं नसतं. मी दान देत न्हाई, उसनं देती. पाच वर्सांनी वाटी परत मागाया जाती.’’ आणि ती खरंच जायची. ग्रामसभेत बायका कोपऱ्यात बसत, त्या कोपऱ्यातून नळाचं काय झालं ते विचारायची. निवडून आलेला तिचा माणूस असो की नसो, प्रश्न तोच. मला वाटतं, तिच्या देशभक्तीचं सगळं सार या उसन्याच्या वाटीत आहे. देश आपला मानला म्हणून विश्वासानं द्यायचं, आणि आपला मानला म्हणूनच हक्कानं मागायचं. आपण मात्र पाच वर्षं तक्रार करतो आणि वाटी द्यायच्या दिवशी घरात नसतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय देशभर प्रथमच झाली. असे मतदार देशात सुमारे ८२ लाख होते. आईला ८९ वर्षं झालेली, गुडघे साथ देत नाहीत. तरी आधी ती नाहीच म्हणाली. ‘‘घरी काय मत देयाचं? तितं नाव पुकारत्यात.’’ बऱ्याच मिनतवाऱ्यांनी तिनं अर्जावर सही केली.

मतदानाच्या आधी काही दिवस पथक आलं. दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक छायाचित्रण करणारा. आई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसलेली. अधिकारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं यादी उघडली आणि मोठ्यानं आईचं संपूर्ण नाव वाचलं. आईनं माझ्याकडे बघितलं. ‘इथंही पुकारतात की,’ असं तिच्या डोळ्यांत होतं.

पुठ्ठ्याचा आडोसा खाटेवर ठेवला गेला. मी आपली सवयीनं पुढे झाले. कागद कसा धरायचा, खूण कुठं करायची ते सांगावं म्हणून. तीस वर्षं हेच केलेलं. आईनं हात वर करून थांबवलं.

‘‘तू भाईर जा.’’

‘‘अगं, मी फक्त...’’

‘‘गुप्त असतंय न्हवं? तुझ्या आज्याला सांगितलं न्हाई, तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. तू कोण लागून गेलीस?’’

पोलीसदादा हसू लपवत दुसरीकडे बघू लागले. मी अंगणात जाऊन उभी राहिले. आत ती कागदाची घडी घालत असणार; आधी उभी, मग आडवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)