पवळाची तसबीर कुठाय?

(पुण्यातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. नाटकाचं शास्त्र मला येत नाही. पण तुम्ही म्हणालात, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरावर बोल. म्हणून रात्रपाळी संपल्यावर तडक गाडी धरली आणि इथं यायच्या आधी ती इमारत बघून आलो. जंगली महाराज रस्ता, नदीचा काठ, बाहेर चहा पीत उभी असलेली पोरं. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेल्या दोन तसबिरी आहेत. एकीत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पुरुषवेषात. दुसरीत तोच माणूस नायिका झालेला. चित्रं झकास आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. बराच वेळ बघत उभा राहिलो.

मग डोक्यात आलं, या माणसाला बाई का व्हावं लागलं? कारण घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं रंगमंचावर पाय ठेवला तर घराण्याची अब्रू जायची. आणि त्याच काळात, याच महाराष्ट्रात, फडावर आमच्या बाया नाचत होत्या, गात होत्या. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा घ्या. महाराची लेक. पठ्ठे बापूरावांच्या फडात ती उभी राहिली की माणसं बैलगाड्या जुंपून यायची. बापूराव मूळचे श्रीधर कुळकर्णी, रेठरे हरणाक्षचे बामण, जात मागं टाकून फडात आलेले. पुरुषानं केलेली बाई पांढरपेशा संस्कृतीला चालली. खऱ्या बाईला तिनं तमासगिरीण म्हटलं. पवळाची तसबीर मला त्या भिंतीवर दिसली नाही.

पुण्याच्या नाटकाचा इतिहास सांगणारे बहुतेक ३१ ऑक्टोबर १८८० पासून सुरू करतात. त्या दिवशी आनंदोद्भव थिएटरात किर्लोस्करांचं शाकुंतल झालं. झालं ते खरंच. पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८५५ साली, याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं होतं. त्यात गरोदर जोगाबाई आहे, तिचा कुणबी नवरा आहे, त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, पाद्री आहे, आणि मधेमधे सगळ्यांचं बिंग फोडणारा विदूषक आहे. शेवटी नवराबायको शिकायला निघतात. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राईज कमिटीकडं दिलं. कमिटीनं नाकारलं. ते छापून लोकांपुढं आलं १९७९ साली. एकशे चोवीस वर्षं! गोदीत एखादी पेटी एवढी पडून राहिली असती तर आम्ही तिचा लिलाव केला असता.

आता रंगमंदिराकडं येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्यानंतर सव्वा वर्षानं, ८ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच नदीच्या काठी या इमारतीचं भूमिपूजन झालं. ते खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. पु. ल. देशपांड्यांनी या कामात मन घातलं होतं. उद्‌घाटन झालं २६ जून १९६८ ला. बालगंधर्व त्याच्या आदल्या वर्षीच, १५ जुलै १९६७ ला गेले. २६ जून का? तर तो त्यांचा जन्मदिवस. आणि तोच शाहू महाराजांचाही! पोरगेल्या नारायणाच्या कानाचा इलाज मिरजेला करवला तो शाहू महाराजांनीच. एकाच तारखेचे दोन हक्कदार, पण पाटीवर एकाचंच नाव.

बालगंधर्वांवर माझा राग नाही. कर्जात बुडालेला, उतारवयात पायानं अधू झालेला तो माणूस. गोहरबाई कर्नाटकी या मुसलमान बाईबरोबर राहिला म्हणून लोकांनी त्याला कमी बोल लावले नाहीत. मेल्यावर नाव द्यायला सगळे पुढं. जित्या कलावंताचं काय, हे आपल्या तमासगिरांना विचारा.

आता आपल्याच अंगावर येणारी गोष्ट. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणाले. बरोबरच होतं ते. पण त्याचा अर्थ आपण काय लावला? पवळाचं नाव घ्यायचीच लाज धरली. बाबासाहेबांनी पैसा नाकारला होता, पवळाला नाही. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या आज्याचा भाऊ फडात ढोलकी वाजवायचा. आमच्या घरात त्याचा एक फोटो नाही. कुणी ठेवलाच नाही.

आज त्याच बालगंधर्वात लावणीचे खेळ होतात. तिकिटं खपतात, शिट्ट्या पडतात. काही लोक नाकं मुरडतात, पवित्र वास्तू बाटली म्हणून. त्यांना मी म्हणतो, वास्तू महापालिकेची आहे. महापालिका झाडूवाल्याच्या झाडूवर उभी आहे. बाटायचं काय त्यात? पण लावणी आत गेली म्हणजे आपण आत गेलो, असंही मी मानत नाही. नाचायला बोलावणं वेगळं, आणि आपलं नाटक घेऊन आपण जाणं वेगळं. आमच्या वस्तीतल्या पोरांनी एकदा एका नाट्यगृहात तारीख मागितली. कुठलं ते सांगत नाही. बाबू म्हणाला, शनिवार-रविवार विसरा, अनामत आणलीय का? पोरांच्या खिशात जायच्या भाड्यापुरते पैसे. प्रयोग शेवटी बुद्धविहारासमोर रस्त्यावर केला. पाऊस आला, तरी माणसं हलली नाहीत.

२०१८ च्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात बालगंधर्व पाडून नवं बांधायचा विषय आला. कलावंत खवळले. ती वास्तू त्यांची आहे, खवळणारच. मी त्या भांडणात कुठल्या बाजूला? मला एवढंच विचारायचंय, की जुनं राहो की नवं होवो, वस्तीतल्या पोरांना परवडेल अशी शनिवारची एक तारीख त्यात असेल का? ‘तृतीय रत्न’ तिथं दरसाल होईल का? आणि देऊसकरांच्या त्या दोन चित्रांच्या शेजारी तिसरा खिळा ठोकाल का?

अर्ज मी लिहून आणलाय, मराठीत, एका कागदावर. सह्या करा. अंगठाही चालेल. मागं शाहीर मंडळी डफ शेकत बसलीत, त्यांना वेळ द्यायला हवा. जय भीम.