जसं लिहिलं तसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या दफ्तराचं स्कॅनिंग कसं करावं यावर बोलायला एका कवीला बोलावलंय, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं. पण कविता ही माझी संध्याकाळची गोष्ट. दिवसा मी मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून आहे. अभिलेख कक्षात, म्हणजे लोक ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात तिथे. बी.ए. झालो, नोकरी लागली आणि तीस वर्षं फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये गेली. शिकलो मराठी शाळेत, लिहितो मराठीत. उर्दू आजोबांनी घरी शिकवली. ती पुढे सरकारी कामाला येईल असं त्यांच्या मनातही नसेल.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्याकडचे त्याआधीचे कागद काही उर्दूत आहेत, काही मोडीत. नंतरचे मराठीत. त्यात 1954-55 चं खासरा पत्र, पाहणी पत्रकं, फेरफाराच्या वह्या आणि गावोगावचे जन्म-मृत्यू, म्हणजे गाव नमुना 14. ‘दफ्तर’ हा शब्द आपण फारसीतून घेतला, फारसीच्याही मागे तो ग्रीकातून आला आणि तिथे त्याचा अर्थ कातडं. कातड्यावरून कागदावर आलेलं दफ्तर आता काचेवर चाललंय, एवढंच.

आमच्याकडे स्कॅनिंग एकदा होऊन गेलेलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक कंत्राटदार आला होता. पानामागे दर ठरलेला, म्हणून पानं जितकी भराभर सरतील तितकं बरं. त्याची माणसं वह्यांची शिवण उसवून सुटी पानं मशीनमध्ये सोडत. स्कॅन काळं-पांढरं, कारण त्याची फाइल लहान होते. त्यात पेन्सिलच्या नोंदी उडाल्या, लाल शाई आणि काळी शाई एक झाली, फिकट शिक्क्याचा डाग झाला. फायलींना नावं काय दिली, तर 0001, 0002, 0003. शेवटी सीड्यांचा एक खोका कचेरीला मिळाला. बऱ्याच सीड्या आता उघडत नाहीत. ज्या उघडतात त्यांत हवं ते पान शोधायचं तर पहिल्या पानापासून बघत जावं लागतं. त्यापेक्षा गठ्ठा सोडणं लवकर होतं.

मग 2023 चा सप्टेंबर आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद तपासायचं काम निघालं. कधी कुणी फिरकत नसलेल्या आमच्या खोलीपुढे माणसं उभी राहायला लागली. एक शेतकरी मला म्हणाला, “चाचा, आमच्या पणज्याचं नाव तुमच्या अक्षरात हाय म्हनं. बघा की जरा.” तुमच्या अक्षरात! मी त्यांना खुर्ची दिली आणि गठ्ठा सोडला. याआधी 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा बदलला, तेव्हा जन्माच्या दाखल्यासाठी याच खिडकीवर आमच्या मोहल्ल्यातल्या बाया-बाप्यांची रांग होती. कारणं वेगळी, पण हातातला मळका कागद आणि चेहऱ्यावरची काळजी मला सारखीच दिसली.

नव्याने स्कॅनिंग करायचं ठरलं, तेव्हा उर्दू वाचतो म्हणून मलाही बैठकीला बसवलं. बैठकीत पहिला तास यंत्रावर गेला. कोणत्या कंपनीचं, मिनिटाला किती पानं, सर्व्हर केवढा. मी म्हटलं, साहेब, खिडकीवर माणूस येतो तो हातात काय घेऊन येतो, ते आधी लिहून काढू. साहेब समंजस होते. खिडकीवर एक शंभर पानी वही ठेवली. दोन महिने, येणारा प्रत्येक जण काय सांगून कागद मागतो ते तिच्यात उतरवलं. स्कॅनर त्यानंतर आला.

त्या वहीने आमचे डोळे उघडले. गट नंबर आणि साल सांगणारा माणूस क्वचितच. जन्मतारीख सांगतात ती शाळेच्या दाखल्यावरची, आणि ती हमखास 1 जून, कारण नाव घालताना गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशेबाने तीच टाकलेली. स्वतःचं नाव सांगतात, पण जन्माच्या रजिस्टरात मुलाचं नाव पुष्कळदा नसतंच. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, पुढे बापाचं नाव, संपलं. (1969 च्या कायद्याखाली ते नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण जातं कोण?) कुणी म्हणतं, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षी. कुणी जिल्हा चुकीचा सांगतं, आणि तो चुकीचाही नसतो. जालना 1981 साली वेगळा झाला, लातूर 1982 साली, हिंगोली 1999 साली. आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय. कागदावर मात्र तेव्हाचंच नाव. म्हणून गावाच्या रकान्यात जुनं नाव, जुना तालुका, जुना जिल्हा आणि आजचं नाव, तालुका, जिल्हा असं सगळं एकमेकांना जोडून ठेवायचं ठरलं. एक खोडून दुसरं लिहायचं नाही.

खरी भांडणं माणसांच्या नावांवरून झाली. उर्दू लिपीत ण नाही, ळ नाही. गणपत तिथे गनपत होतो, तुळसाबाई तुलसाबाई, काळे काले. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे सखाराम आणि सुखाराम दिसायला एकच. खुद्द ‘कुणबी’ हा शब्द कनबी वाचा की कुनबी वाचा, अक्षरं तीच. त्यात कचेरीचं लिखाण शिकस्ता वळणाचं, म्हणजे मोडकं, धावतं. घाईत लिहिणारा नुक्ते गाळतो आणि ब, प, त यांत फरक उरत नाही. मोडीचीही आपली तऱ्हा. तिथे इकार-उकार ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत. मराठी रजिस्टरात आमची नावं आली की तलाठ्याच्या कानाला जे ऐकू आलं ते. महंमद, महमद, मोहंमद, म्हमद. फातिमाची फातमाबी. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, त्यांचंही नाव छापील पुस्तकांत एकसारखं नाही. मग आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याचं कुठून असणार?

एका अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की टायपिंग करतानाच सगळी नावं शुद्ध करून घ्या, यादी स्वच्छ दिसेल. मी विरोध केला. कवितेत काना इकडचा तिकडे झाला तर ओळ बिघडते. इथे जमीन जाते, दाखला जातो. कागदावर ‘म्हमद’ आहे आणि यादीत ‘मोहम्मद’, तर उद्या कोर्टात समोरचा वकील विचारेल, हे दोघे एकच कशावरून? दुसरी बाजूही मला पटत होती. जसं आहे तसंच टाइप केलं, तर मोहम्मद शोधणाऱ्याला म्हमद कधी सापडायचा नाही. शेवटी दोन रकाने केले. एक ‘जसं लिहिलं तसं’, दुसरा ‘शोधनाव’. पहिल्यात कागदावर आहे तेच अक्षर, दिसत नसेल तिथे टिंबं, अंदाज नाही. दुसऱ्यात नाव नियमाने सपाट करायचं. ण म्हणजे न, ळ म्हणजे ल, ऱ्हस्व-दीर्घ एक, जोडाक्षरातलं दुहेरी अक्षर एकेरी. सखाराम-सुखाराम दोन्ही शक्य असतील तर दोन्ही नोंदवायचे. शोधणारा काहीही टाइप करो, कॉम्प्युटर त्याचंही नाव तसंच सपाट करून ताडून बघतो.

ही युक्ती काही आमची नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने 1918 साली तिचं पेटंट घेतलं. आडनाव कसं लिहिलंय हे सोडून कसं ऐकू येतं त्यावरून त्याला एक अक्षर आणि तीन आकडे द्यायचे, अशी ती पद्धत. साउंडेक्स म्हणतात. तिकडे 1935 साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, लोकांना वयाचा पुरावा हवा झाला आणि जन्माचे दाखले पुष्कळांकडे नव्हते. मग जुन्या जनगणनेच्या वह्यांची या पद्धतीने सूची केली. 1880 च्या जनगणनेतून तर दहा वर्षांपर्यंतचं मूल असलेलीच घरं घेतली, कारण पेन्शनच्या वयाची होणार होती ती तीच मुलं. कुणाला काय लागणार आहे हे आधी ठरवून केलेली सूची कशी असते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. इंग्रजी स्पेलिंगसाठी केलेले आकडे आपल्याला चालत नाहीत. तत्त्व चालतं.

सालांचं असंच. निजामी कागदावर फसली सन असतो. तो ऑक्टोबरात, आजर महिन्यापासून सुरू होई. इसवी सन काढायला त्यात 590 मिळवायचे आणि जानेवारीपासूनचा महिना असेल तर 591. म्हणजे फसली 1350 हे निम्मं 1940 मध्ये नाही, बरंचसं 1941 मध्ये येतं. हे गणित माणसाच्या डोक्यावर सोडलं तर चुकणारच. ते कॉम्प्युटरला दिलं, आणि इथेही मूळ साल शेजारी तसंच ठेवलं.

यंत्राचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सोपा आहे. वह्यांची शिवण उसवायची नाही, वरून फोटो घेणारा स्कॅनर वापरायचा. आधी धूळ झटकायची, प्रत्येक पानावर पेन्सिलने आकडा घालायचा, कोरं पानही मोजायचं. स्कॅन रंगीत, 300 डीपीआयला. ए-फोर आकाराचं एक पान तसं घेतलं तर न दाबता सुमारे 26 एमबी होतं, लाख पानांचे सुमारे 26 लाख एमबी. ऐकायला अवाढव्य, पण एवढं आज तळहातावरच्या डिस्कमध्ये मावतं. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपायची, रोजच्या वापराला पीडीएफ. काय स्कॅन करायचं नाही हेही ठरवावं लागतं. सरकारी कागदांत अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्गाचं आयुष्य वर्षाचं. आमच्या रॅकवर तो ड वर्ग वर्षानुवर्षं अ वर्गाच्या डोक्यावर बसला होता.

कोण काय पाहू शकेल, यावर मात्र वेळ दिला पाहिजे. जुन्या नोंदींत बापाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं असतं. ते पान गावभर मोबाइलवर फिरायला नको. म्हणून सूची खिडकीवर बघता येते, पानाचं चित्र अर्जानंतर. आणि कुणी कोणतं पान किती वाजता उघडलं, याची नोंद आपोआप राहते. “तेवढी चूक कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त करून द्या ना,” असं म्हणणारे रोज येतात, काही ओळखीचेही. चित्राला हात लावायची सोयच ठेवलेली नाही. प्रत्येक चित्राच्या फाइलवरून एक लांबलचक आकडा निघतो. पानावरचा एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रावर हा आकडाही लिहावा लागतो. तेव्हा तो पहिल्या दिवसापासून जपलेला बरा.

प्रती तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. यावर कुणी वाद घातला नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली, हे सगळ्यांना आठवत होतं. दर सहा महिन्यांनी प्रत उघडून बघायची, हेही लिहून घेतलं. सीड्यांचा खोका समोरच होता.

काम पुरं झालंय असं नाही. वाळवीने आणि ओलीने चिकटलेले काही गठ्ठे तसेच आहेत, ते जाणकाराशिवाय सोडवायचे नाहीत. उर्दू आणि मोडी हाताने वाचणारी माणसं थोडी, आणि शिकस्ता वळणाच्या लिखाणावर मी अजून यंत्राच्या वाचनाचा भरवसा धरत नाही. त्यात अधूनमधून कुणीतरी सुचवतं की आता चित्रं झाली, कागद काढून टाका, खोली मोकळी होईल. अ वर्गाचा कागद काढता येत नाही, एवढं सांगून मी किल्ली खिशात ठेवतो.

तुमच्यापैकी कुणाला जुनी नक्कल काढायची असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. पणजोबांना घरात कोणत्या नावाने हाक मारत? आजीचं माहेर कोणतं? शेताचा बांध कुणाच्या शेताला लागून होता? एक नाव सापडलं नाही तर शेजाऱ्याच्या नावावरून पान निघतं, असं पुष्कळदा झालंय. सोमवारी आमच्या गावचा बाजार असतो, गर्दी फार होते. मंगळवारी आलात तर निवांत बघता येईल.