वाळा: माठातला आणि मातीतला

(कांदिवली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा अंश)



मागे ठेवलेल्या माठातलं पाणी प्यायलात, तेव्हा वाळ्याचा वास आला असेल. उन्हाळा लागला की बाजारात मुळांच्या जुड्या येतात. पण ती मुळं ज्या गवताची, ते गवत आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

संस्कृतात हा ‘उशीर’. शाकुंतलात तापलेल्या शकुंतलेला त्याचाच लेप लावलेला आहे. तमिळ लोक ‘वेट्टिवेर’ म्हणतात, म्हणजे खणून काढलेलं मूळ. जगाने हेच नाव उचललं.

वाळा याच भूमीचा. ओढ्यानाल्यांचे काठ आणि पाणथळ जागा ही त्याची मूळ वस्ती. तो हरळीसारखा पसरत जात नाही. एका जागी ठोंब धरतो, पुरुषभर उंच होतो, त्यावर जांभळट तुरे डोलतात. बागेच्या कडेला इतकं देखणं गवत क्वचितच सापडेल. त्याची मुळं आडवी न जाता सरळ खाली उतरतात; भुसभुशीत मातीत तीन मीटरपर्यंत.

त्याची खरी किंमत या मुळांत आहे. ठोंब फोडून फुटी उताराला आडव्या, वीतभराहून कमी अंतरावर लावल्या, की काही काळात दाट कुंपण होतं. पावसाचं पाणी त्यातून गाळलं जाऊन, सावकाश उतरतं. माती मागे थांबते. गाळ साचला तर वाळा त्यातूनच वर येतो आणि नवी मुळं सोडतो. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले बांध असेच राखले. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी ही रीत भारतातून इतर देशांत नेली.

आता आपल्या कांदिवलीकडे येऊ. पोईसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या वस्तीतून मालाडच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस इथे कोण विसरेल? त्यानंतर नदीकाठी काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. मात्र डोंगरपायथ्याच्या वस्त्या, सोसायट्यांचे उतार आणि उद्यानांचे बांध यांवरची माती आजही दर पावसाळ्यात उघडीच वाहते.

उभ्या कापलेल्या कड्याला वाळा सावरू शकणार नाही. तिथे भिंत हवी, पाण्याचा निचरा हवा. सावलीतही तो नीट वाढत नाही. पण ऊन मिळणाऱ्या मातीच्या उतारावर तो लावायलाच हवा. आपण मात्र तिथे लॉन अंथरतो आणि उन्हाळाभर त्याला पाणी पाजतो.

एक पथ्य सांभाळा. वासासाठी वाळा खणावा लागतो, आणि खणला की माती मोकळी होते. म्हणून माठातली जुडी बाजारातून आणा. उतारावरचा ठोंब उपटू नका. पाऊस महिन्याभरावर आलाय. पहिल्या सरींनी जमीन ओली झाली की प्रत्येक सोसायटीने आपल्या उतारावर वाळ्याची एक ओळ लावावी, एवढंच माझं मागणं आहे.